चौदा नंबरचं गाव

हे लिहायचं मी बारा वर्षं टाळलं. कधी डोळ्यांचं कारण सांगितलं, कधी वेळेचं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन महिने पलंगावर होतो, वही उशाशी होती, तरी एक ओळ उमटली नाही. आता लिहायला बसलोय तर मुलगा म्हणतो, "बाबा, झालं गेलं. उगाच कंपनीचं नाव खराब होईल." कंपनी आधी माझी होती, आता त्याची आहे. होऊ दे नाव खराब. एका माणसाचं नाव बारा वर्षं खराब आहे आणि ते मी केलंय. त्याचं कुणाला काही वाटलं नाही, तर माझ्या पाटीवर शिंतोडे उडाले म्हणून मी आता गप्प बसणार नाही.

त्या माणसाला आम्ही 'पावणं' म्हणायचो. नाव लिहीत नाही, कारण ते माझ्या हातानं लिहायचा हक्क मला उरलेला नाही. उद्यमनगरात ज्यांना कळायला हवं त्यांना एवढ्यावरून कळेल.

कोल्हापुरात अनोळखी माणसाला सगळेच पावणं म्हणतात. पण यांचं वेगळं होतं. दारात कोणीही येवो, कुरियरवाला, वर्गणी मागणारा, पत्ता चुकलेला, हे हातातलं काम ठेवून विचारणार, "पावणं, गाव कुठलं?" गाव कळल्याशिवाय पाणीसुद्धा द्यायचे नाहीत, आणि कळल्यावर चहाशिवाय सोडायचे नाहीत. एकदा ऑफिसच्या फोनवर, तुम्हाला बक्षीस लागलंय म्हणून सांगणारी रेकॉर्ड केलेली बाई आली. यांनी तिला तीन वेळा गाव विचारलं. मग फोन ठेवला आणि आम्हाला गंभीरपणे म्हणाले, "गाव न सांगणाऱ्याकडनं बक्षीस घिऊ नगा."

आमचं ऑफिस उद्यमनगरात, एका लेथच्या वर्कशॉपच्या डोक्यावर. खाली दिवसभर लोखंड कापलं जायचं, वर कपातला चहा थरथरत असायचा, आणि आम्ही सहा जण कारखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहायचो. पावणं तिथे आले ते पंखा दुरुस्त करायला. मूळ धंदा मोटर रिवाइंडिंगचा. स्टुलावर उभे राहून त्यांनी खाली माझ्या स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "सायेब, ही ओळ दोनदा का लिवलीया?"

"कुठली?"

"वरनं सातवी. खाली परत तीच हाय की."

दोन दिवस मी तीच चूक शोधत होतो. त्या दिवशी पंखा फिरायला लागला, पण पावणं गेले नाहीत ते पुढे नऊ वर्षं. आयटीआय झालेला माणूस, कव्हर फाटलेल्या एका जुन्या पुस्तकावरून प्रोग्रॅमिंग शिकला होता. आमच्यातले इंजिनिअर त्याला आधी हसले, मग त्यांच्या चुका तोच शोधून द्यायला लागला तेव्हा हसायचे थांबले. फक्त मनातून मान्य केलं नाही. मी त्यातलाच.

रोज कोडोलीहून एस.टी.नं यायचे. पिशवीत भाकरीचा डबा, आणि शाळेतली दगडी पाटी. सगळ्यांच्या टेबलावर वह्या आणि यांच्या टेबलावर पाटी. "वहीत चूक लिवली की ऱ्हाती. पाटीवरची पुसाय येती," असं म्हणायचे. बरोबर एक वाजता डबा घेऊन जिना उतरायचे आणि वर्कशॉपच्या मागे बदामाच्या झाडाखाली जेवायचे. मशीनसमोर कधीही नाही. "मशीनसमोर जेवलं की दोघास्नीबी पचत न्हाय." पावणेदोनला वर. पाऊस असो, ग्राहक बसलेला असो, यात नऊ वर्षांत फरक पडला नाही. जाताना कॉम्प्युटर उघडाच. पासवर्ड लावा म्हणून मी दहा वेळा सांगितलं. "दिवसाढवळ्या घराला कडी लावतोय व्हय आपण? घरात सगळी आपलीच हायती की."

चाललं का, असं विचारलं तर 'हो' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही. "आत्ता तरी रडत न्हाय," एवढंच.

आता त्या प्रकरणाकडे येतो. प्रोग्रॅमिंग न कळणाऱ्यांनी बिचकू नये. तसं त्यात फार काही नाही.

शिरोलीकडच्या एका फौंड्रीत भट्ट्यांवर लक्ष ठेवणारा आमचा प्रोग्रॅम होता. लोखंड वितळवणारी विजेची भट्टी, तिच्याभोवती तांब्याच्या नळीचे वेढे, नळीतून सतत फिरणारं गार पाणी. पाणी थांबलं तर नळी जळते. आणि वितळलेल्या लोखंडाला पाणी भेटलं तर तिथे कुणी उभं असू नये. आमचा प्रोग्रॅम दर दहा सेकंदांनी पाणी वाहतंय का ते तपासायचा आणि स्क्रीनवर हिरवा किंवा लाल दिवा दाखवायचा. आमच्या दिव्याच्या भरवशावर फौंड्रीवाल्यांनी जुना भोंगा काढून टाकला होता.

नंतर भट्ट्या वाढल्या. म्हणून प्रत्येक भट्टीला प्रोग्रॅममध्ये स्वतंत्र 'थ्रेड' करायचं ठरलं. थ्रेड म्हणजे एकाच घरात राहून आपापलं काम करणारा गडी समजा. एक भट्टी सुरू झाली की एक नवा गडी जन्माला यायचा आणि तिची उष्णता मोजत बसायचा. हे काम पावण्यांकडे होतं.

नवा गडी जन्मला की प्रोग्रॅम थांबायला लागला. चालता प्रोग्रॅम थांबवून आत डोकावायचं एक साधन असतं, डीबगर. त्यात आम्ही तो चालवत होतो, आणि प्रत्येक जन्माला डीबगर थांबून सांगायचा: सिग्नल आला, नंबर बत्तीस. सिग्नल म्हणजे प्रोग्रॅमच्या दारावर पडलेली थाप. कोणीतरी काहीतरी सांगायला आलंय.

पावण्यांनी दीड दिवस पाटीवर रेघा मारल्या आणि म्हणाले, "बत्तीस घरचाच हाय. थोरला धाकल्याला उठिवतोय, ऊठ, कामाला लाग म्हणून. त्याला अडवायचं न्हाय." डीबगरला तसं सांगता येतं: बत्तीस आला तर थांबू नको, दाखवू नको, जाऊ दे. तसं सांगितलं आणि थांबणं जवळजवळ बंद झालं.

जवळजवळ. मधूनच, पंचवीस-तीस जन्मांत एकदा, प्रोग्रॅम अजून थांबायचा. या वेळी नंबर चौदा. डीबगरशिवाय चालवला तर नव्या गड्याचं मोजणं अर्ध्यात तुटायचं आणि अख्खा प्रोग्रॅम कोसळायचा.

"तोही घरचाच असेल," मी म्हणालो. "त्यालाही जाऊ दे म्हणून सांगा आणि मोकळे व्हा."

"घरचा असता तर दर जन्माला आला असता, सायेब. ह्यो आपल्या येळेला येतोय. जन्माच्या टायमाला आला तर नव्या पोराच्या अंगावर पडतोय, एवढंच. त्येला कुणाला तरी भेटायचं हाय. कुणाला, ते इचारल्याबिगर दार लावाय नगो."

सुनंदा तिथेच होती. ती आमच्याकडे प्रोग्रॅम तपासायचं काम करायची. तिनं विचारलं, "मग उपाय काय, पावणं?"

त्यांनी पाटी पुसली आणि एक घर काढलं. "घरात दहा माणसं असली तरी थाप पडली की दार उघडाय एकानंच जायचं. बाकीच्यांनी कान झाकायचे. आन् पोरं जन्मायच्या आधी आईनं आपले कान झाकायचे. आईचे कान झाकल्यालं असलं की पोरगंबी कान झाकूनच जन्माला येतंय. ह्यो नियमच हाय. मग दाराशी बसवलेला एकटाच चौदाची वाट बघंल."

सुनंदा हसली. मीही हसलो. पुढे कळलं की मोठमोठ्या पुस्तकांत हाच उपाय दिलाय, फक्त त्यात आई नाही.

"किती दिवस?" मी विचारलं.

"तीन. एक गाव शोधाय, दोन दार बसवाय."

तीन दिवस माझ्याकडे नव्हते, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. फौंड्रीच्या मालकाला मी दुसऱ्या दिवशीची वेळ दिली होती, आणि दोनदा ती पुढे ढकलली होती. तिसऱ्यांदा फोन करायची मला लाज वाटत होती. सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी एवढंच आहे, एका फोनची लाज.

त्या दिवशी एक वाजता पावणं डबा घेऊन खाली गेले. ऑफिसात कोणी नव्हतं. ताजा प्रोग्रॅम त्यांच्या मशीनवर होता आणि मशीन उघडं होतं. मी त्यांच्या खुर्चीवर बसलो आणि एक ओळ लिहिली. डीबगरमध्ये नाही, थेट प्रोग्रॅममध्ये: चौदा नंबर आला तर त्याच्याकडे लक्षच द्यायचं नाही. मग लागोपाठ पन्नास गडी जन्माला घालून पाहिले. एकदाही थांबला नाही. बदल नोंदवला. आमच्याकडे कुठला बदल कोणी आणि किती वाजता केला याची नोंद आपोआप राहते. नोंद झाली त्यांच्या नावावर, एक वाजून वीस मिनिटांनी.

उठताना दारात सुनंदा उभी होती. "सर, तुम्ही?"

"काही नाही. बघत होतो," मी म्हणालो.

पावणं वर आले. मी त्यांना सांगितलं, चौदा आता येत नाही, बहुतेक बत्तीसच्या सेटिंगनंच सुटलं असावं. ते म्हणाले, "आपोआप बरं झाल्यालं दुखणं परत येतंय, सायेब. मला बघू द्या."

"नंतर बघा. आत्ता कबनूरला जा. तिथल्या लूमवाल्यांचं मशीन अडलंय."

कबनूरचं काम दोन तासांचं होतं. मी त्यांना दोन दिवस तिथे ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी नवा प्रोग्रॅम फौंड्रीत बसवून आलो.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला फौंड्रीत पाण्याचा पंप बंद पडला. आमच्या स्क्रीनवर हिरवा दिवा तसाच होता. पाण्याचा आकडाही तसाच, आदल्या दिवशी प्रोग्रॅम बसवला तेव्हाचा. भट्टीवरच्या कामगाराच्या कानाला पंपाची घरघर जाणवेना, म्हणून त्यानं वर पाहिलं, वीज तोडली आणि ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं. सगळे वाचले. नळी फुटून आलेली वाफ मात्र त्याच्या उजव्या हातावर गेली. हात वाचला. बोटं आजही पूर्ण मिटत नाहीत.

फौंड्रीतून आलेला फोन ठेवायच्या आधीच मला चौदा नंबरचं गाव कळलं होतं. चौदा म्हणजे गजराची थाप. दर दहा सेकंदांनी गजर वाजायचा, थाप पडायची, आणि तेव्हा प्रोग्रॅम पाणी तपासायचा. ही सोय खूप आधी, एकच भट्टी असताना, मीच लिहिली होती. लिहून विसरलो होतो. माझ्याच घरातला माणूस दारावर थापा मारत होता आणि मीच आतून कडी घातली.

दुसऱ्या दिवशी फौंड्रीचा मालक आमच्या ऑफिसात आला. सगळे जमले. त्यानं नोंदीचा कागद मागितला. मी काढून दिला. कोणी लिहिलं, किती वाजता, सगळं छापलेलं.

"ही वळ तुम्ही लिवली?" त्यानं पावण्यांना विचारलं.

"न्हाय."

"नाव तुमचं हाय की हितं."

"नाव माझं हाय. येळ बगा. एक वाजून वीस. त्या टायमाला मी झाडाखाली असतोय."

"मग काय झाडावरच्या भुतानं खाली उतरून लिवलं?"

सगळे हसले. मीही हसलो. त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की एक ते पावणेदोन हा माणूस बदामाखाली असतो. नऊ वर्षं रोज पाहिलेली गोष्ट. एकानंही तोंड उघडलं नाही. सुनंदा जमिनीकडे पाहत होती. तिला मी दोष देत नाही, तिची नोकरी माझ्या हातात होती. बाकीच्यांना देतो. ते वाचणार असतील तर वाचोत.

पावणं माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. "सायेब, एकच सांगा. चौदा नंबरचं गाव कुठलं?"

त्यांना कळलं होतं. कबनूरहून येऊन रात्रीतून त्यांनी सगळं वाचलं होतं. पाण्याची ती जुनी तपासणी कोणाच्या हातची, ते वरच्या ओळीत माझ्याच नावानं लिहिलेलं होतं. त्याचा छापील कागद त्यांनी मालकापुढे टाकला असता तर तिथल्या तिथे माझा निकाल लागला असता. टाकला नाही. मला विचारलं. मीच सांगावं म्हणून.

मी म्हणालो, "आत्ता तो विषय नाही."

मालकाला लेखी माफी हवी होती, चूक करणाऱ्याच्या सहीनं. मी कागद तयार केला. 'माझ्या हलगर्जीपणामुळे आपल्या कारखान्यातील कामगारास इजा झाली, त्याबद्दल मी मनापासून माफी मागतो.' खाली पावण्यांचं नाव. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घालून माझ्या टेबलावर ठेवला.

"अक्षर तुमचं हाय, शब्द तुमचं हाईत," ते म्हणाले, "सहीबी तुमचीच करा."

"सही केली तर नोकरी राहील."

"ऱ्हाऊ दे तुमची नोकरी. माफी हलकी झाली व्हय, कुणाच्याबी नावानं मागाय? मी न्हाय केलं. उद्या इचारा, धा वर्सांनी इचारा, न्हायच म्हणीन."

मग फौंड्रीच्या मालकापुढे उभे राहून म्हणाले, "त्या पोराच्या हाताला बगाय मी जाणार हाय. माफी मागाय न्हवं. माणूस म्हणून." आणि खरंच गेले. रोज संध्याकाळी, पट्टी निघेपर्यंत, दीड महिना. मी एकदाही गेलो नाही.

त्यांनी आमचं काम सोडलं तसा सगळीकडे बोभाटा झाला की पाण्याचा सिग्नल गिळणारा तो हाच. उद्यमनगरात त्यांना पुन्हा कोणी प्रोग्रॅमचं काम दिलं नाही. कोणी चौकशी केली की मी म्हणायचो, "माणूस चांगला, पण..." त्या 'पण'च्या पुढे मी कधी काही बोललो नाही. बोलायची गरजच पडायची नाही. ते परत मोटरी बांधायला लागले.

आणखी एक सांगायचं राहिलंय. ते मी सुनंदालाही सांगितलेलं नाही. त्या दिवशी एक वाजून वीस मिनिटांनी मी त्यांच्या खुर्चीवर बसलो तेव्हा पाटी समोरच होती. जेवायला जायच्या आधी त्यांनी तिच्यावर लिहिलं होतं: '१४ – पाणी?' मी ते वाचलं. वाचून ओळ लिहिली. अपघाताचा फोन आला त्या सकाळी, कोणी यायच्या आत, ते कबनूरला असताना, मी ती पाटी शर्टाच्या बाहीनं पुसली. विसरलो होतो, चुकलो होतो, घाई होती, हे सगळं मी आजवर स्वतःला सांगितलं. पाटीला त्यातलं काहीच लागू पडत नाही.

पाच वर्षांपूर्वी मी कोडोलीला गेलो. माफीचा तो कागद माझ्याकडेच होता. त्यावरचं त्यांचं नाव खोडून खाली माझं लिहिलं होतं, सही केली होती, आणि तो शर्टाच्या खिशात होता. पावणं सोप्यात बसले होते, पुढ्यात एक उघडलेली मोटर. केस पांढरे, हात तसेच काळे. मला पाहून तार खाली ठेवली.

"या पावणं," ते मला म्हणाले. "कसं येणं केलंसा?"

मी म्हणालो, "सहज. ज्योतिबाला आलो होतो."

"ज्योतिबा मागं ऱ्हायला की."

"हो. म्हटलं, जरा पुढं जाऊन यावं."

त्यांनी मान हलवली. गाव ठाऊक होतं, म्हणून चहा सांगितला. सुनंदाची चौकशी केली. फौंड्रीतल्या त्या कामगाराला मुलगी झाली, बारशाला बोलावलं होतं, ते सांगितलं. मग विचारलं, "पंखा फिरतोय का अजून?"

"फिरतोय."

"आवाज?"

"नाही."

"मग बरं हाय."

मी निघालो तसे गाडीपर्यंत आले. दाराला हात लावून उभे राहिले. "सायेब, काय इसरलं तर न्हाय न्हवं?"

"नाही," मी म्हणालो. कागद खिशात होता, आणि मी काच वर केली.

गेल्या महिन्यात सुनंदाचा फोन आला. किती वर्षांनी. "सर, पावणं गेले." मग ती म्हणाली, "त्या दिवशी खुर्चीवर कोण होतं ते मी पाहिलंय. मी बोलले नाही, ते माझं मी बघेन. तुमचं तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेलो. मुलगा म्हणाला, जुनी नोंद बदलता येत नाही. बदलायची नाहीच, मी म्हणालो, तिच्याखाली नवी करायची आहे. तो म्हणाला, उद्या बघू. मी त्याच्या खुर्चीशेजारी उभा राहिलो. चाळीस मिनिटं उभा होतो, गुडघा असा असताना. शेवटी तो उठला. मी माझ्या नावानं आत गेलो आणि लिहिलं: एक वाजून वीस मिनिटांचा तो बदल माझा आहे, ते त्या वेळी जेवायला गेले होते. ती नोंद आता तिथे आहे, आणि हा लेख इथे आहे. कोणाला काय म्हणायचंय ते म्हणा. फौंड्रीच्या मालकानं म्हणावं, मुलानं म्हणावं, त्या दिवशी हसलेल्यांनी म्हणावं. मी ऐकून घेईन, पण यातलं एक अक्षर मागे घेणार नाही.

कागद अजून खिशात आहे. घडीवर चिरलाय. कोडोलीच्या त्या सोप्यात त्यांनी मला गाव विचारलं नाही, ते त्यांना माहीत होतं. फक्त कशाला आलास ते विचारलं, आणि मी देवाचं नाव घेऊन खोटं बोललो.

पावणं, ज्योतिबाला न्हवतो आलो. माफी मागाय आलतो.